ओढ्यावर स्वतःचा मातीचा बांध आहे? या चुका टाळा

सगळ्यात घातक चूक आपण हौसेने करतो: सांडव्यात, म्हणजे जादा पाणी बाहेर जायच्या वाटेत, पोती रचणं. सप्टेंबरात पाणी सांडायला लागलं की जीव तुटतो. हातभर जास्त साठलं तर हरभऱ्याला एक पाणी वाढेल! आम्हीही रचली होती. परतीच्या पावसात एका रात्री पाणी माथ्याखाली चार बोटांवर आलं आणि बॅटरीच्या उजेडात आम्ही दोघं भाऊ तीच पोती उपसत बसलो. माथ्यावरून एकदा धार पडली की मागच्या उताराला घळ पडते, मग बांध वाचत नाही. सांडवा भरावावर नको. बाजूच्या मूळ जमिनीत, ऐसपैस खोदा. पुराचं पाणी सांडव्यातून जातानाही माथा निदान दोन हात वर हवा.

मागच्या पायथ्याशी पाणी झिरपताना दिसलं तर लगेच सिमेंट थापू नका. आधी ते ग्लासात धरा. नितळ असेल तर खुंटी ठोकून रोज बघा, वाढतंय का. गढूळ असेल, तळाशी माती बसत असेल, तर बांध आतून पोखरतोय. तोंड बुजवलं तर पाणी दुसरीकडून फुटेल. पाणी येऊ द्या, माती अडवा: आधी जाड वाळू, वर खडी, त्यावर दगड. सोबत माथ्यावरून पाइप टाकून सायफनने पातळी उतरवा आणि खालच्या वस्तीला कळवा.

मोटारीचा पाइपही भरावातून नेऊ नये, त्याच्या कडेने पाणी वाट काढतं.

नुसत्या काळ्या मातीचा बांध उन्हाळ्यात भेगाळतो. काळी गाभ्यात, बाहेरून मुरूम. जेसीबीवाला ढीग ओतून निघून जातो. त्याला थांबवा, वीतभर थर, थोडं पाणी, मग रोलर.

2 जुलै 2019 ला रत्नागिरी जिल्ह्यातलं तिवरे धरण फुटलं, तेव्हा मंत्र्यांनी खेकड्यांवर खापर फोडलं आणि त्यांचं हसं झालं. पण आपल्या छोट्या बांधाला खेकड्याचं किंवा घुशीचं बीळ खरंच भोवतं. नुसतं तोंड लिंपून भागत नाही. शेवटापर्यंत खणा, थराथराने माती घालून धुम्मसाने ठोका.

बांधावर हरळी चालेल, बाभूळ नको. वाढलेलं झाड नुसतं तोडलं तर मुळं कुजतात आणि त्याच पोकळीतून पाणी शिरतं. उन्हाळ्यात पाणी आटल्यावर ते मुळासकट काढा, खड्डा ठोकून भरा.