ट्रॉलीचा एक्सल बदलायचाय? जुना सॅम्पल म्हणून नेऊ नका

दोन चाकी छोट्या ट्रॉलीचा एक्सल वाकला की आपल्याकडे सगळे एकच करतात, तो सोडवायचा, पिकअपमध्ये टाकायचा नि म्हापशाला किंवा फोंड्याला वेल्डिंगवाल्याकडे नेऊन सांगायचं, सेम असाच करून दे. अहो पण तो वाकला का ते तरी बघा आधी! मुळातच कमी ताकदीचा असेल तर सेम केलेला पण तसाच वाकणार, आणि वाकलेल्यावर घेतलेलं माप तरी बरोबर कसं येईल.

पहिलं वजन. रिकामी ट्रॉली आणि जास्तीत जास्त माल, दोन्ही मिळून. चिरे, रेती, नारळ जे काय नेता ते भरून एकदा काट्यावर घालाच, आपला अंदाज नेहमी कमीच निघतो. उन्हाळ्यात ट्रॉलीवर हजार लिटरची टाकी ठेवून पाणी आणायचं तर ते पाणीच १००० किलो झालं, टाकी नि ट्रॉली वेगळी. साधारण १० ते १५ टक्के वजन हुकवर जातं, पण ते वजा करत बसू नका, एक्सल पूर्ण वजनाचाच घ्या, सत्तरीत आतल्या रस्त्यांना खड्ड्यात आपटतो तेव्हा ते मार्जिन कामाला येतं.

पण एक्सल एकटा काय करणार? टायरवर साईजच्या पुढे एक नंबर असतो, १४५/७० आर १२ आणि पुढे ६९ असं काहीतरी, तर ते ६९ म्हणजे एका टायरला ३२५ किलो, दोन मिळून ६५०. म्हणजे तसल्या टायरवर ती पाण्याची टाकी जातच नाही, खाली कितीही जाड एक्सल घाला. टायर, हब (चाक ज्यावर बोल्टने बसतं तो फिरणारा भाग), बेअरिंग, पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) यातलं जे सगळ्यात कमजोर तेवढीच ट्रॉलीची ताकद. आणि आरसीवर लिहिलेलं वजन एक्सल बदलून वाढत नाही बरं का.

मापं मुख्य दोन. एक, डाव्या पाट्याच्या मधल्या बोल्टपासून उजव्याच्या मधल्या बोल्टपर्यंत, हे ट्रॉलीवरच घ्यायचं. दुसरं, हबच्या ज्या तोंडावर चाकाची डिस्क बसते तिथून पलीकडच्या तोंडापर्यंत, आणि हे ठरवताना चाक बाजूला उभं करून टायर नि पाट्यात दीड-दोन इंच जागा राहते ना ते बघूनच फायनल करा.

मग पीसीडी, म्हणजे डिस्कचे होल ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास. होल चार असतील तर समोरासमोरच्या दोघांचं सेंटर ते सेंटर, झालं. पाच असतील तर समोर होल नसतोच, मग शेजारच्या दोघांचं अंतर घ्या नि १.७ ने गुणा, ६७ मिमी आलं तर ११४ चा पीसीडी.

बेअरिंग शक्यतो असा घ्या जो आपल्या बाजारात कुठल्याही दुकानात मिळतो. नंबर रिंगवर कोरलेला असतो, ३०२०५ आतून २५ मिमी, ३०२०६ ३० मिमी, दोन्ही टेपर, म्हणजे निमुळत्या रोलरचे. बाहेरून कुठूनतरी रेडी एक्सल मागवला नि बेअरिंग वेगळ्याच नंबरचा निघाला की पावसात ट्रॉली आठ दिवस उभी.

होडी उतरवायला शापोऱ्याला वगैरे नेत असाल तर अजून एक, धावून गरम झालेला हब तसाच पाण्यात घातला की आतली हवा आकसते नि सीलमधून खारं पाणी ओढून घेते. थोडा थांबून उतरवा, सील चांगलं घ्या, एक्सल गॅल्वनाइज्ड मिळाला तर दोन पैसे जास्त गेले तरी चालतील.

पाट्याची बैठक वेल्ड करायची तर बेअरिंग काढून, नाहीतर अर्थिंग बेअरिंगमधूनच जातं नि आतल्या रोलरवर डाग पडतात. एक्सलला हलका बाक दिलेला असेल तर तो वर येईल असा बसवा, माल भरला की सरळ होतो. यू बोल्ट नि चाकाचे नट पहिल्या शंभरेक किमीनंतर परत एकदा टाईट करा.