पॅप स्लाइडच्या प्रतिमांचे संगणकीय विश्लेषण कसे करावे

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्क्रीनिंगसाठी पॅप स्लाइडच्या, म्हणजे गर्भाशयमुखावरून घेतलेल्या पेशी पसरलेल्या काचपट्टीच्या, प्रतिमा संगणकाकडून तपासून घेण्याचा प्रकल्प हाती घेतलेले विद्यार्थी बहुधा हेरलेव्ह किंवा सिपाकमेड या खुल्या संग्रहांपासून सुरुवात करतात. त्यात गैर काही नाही; मात्र प्रोग्रामची पहिली ओळ लिहिण्यापूर्वी संग्रहात काय आहे ते मोजून पाहावे. डेन्मार्कमधील हेरलेव्ह संग्रहात सुट्या पेशींच्या ९१७ प्रतिमा असून त्यांपैकी ६७५ विकृत आणि २४२ प्राकृत (निरोगी) पेशींच्या आहेत. म्हणजेच समोर येईल त्या प्रत्येक पेशीला डोळे मिटून ‘विकृत’ म्हणणारा प्रोग्रामही येथे सुमारे ७४ टक्के अचूक ठरतो. प्रत्यक्ष स्क्रीनिंगमध्ये याच्या उलट, बहुसंख्य स्त्रियांच्या स्लाइड प्राकृतच निघतात.

स्वतः स्लाइड स्कॅन करणार असाल, तर एका पिक्सेलमध्ये किती मायक्रोमीटर येतात ते प्रत्येक प्रतिमेसोबत नोंदवा. मोजमाप बरोबर आहे की नाही हे पाहण्यासाठी स्लाइडवरच एक नैसर्गिक मोजपट्टी असते: प्राकृत मध्यस्तर पेशीच्या (गर्भाशयमुखाच्या आवरणातील मधल्या थरातील पेशीच्या) केंद्रकाचे क्षेत्रफळ साधारण ३५ चौरस मायक्रोमीटर असते. तुमच्या प्रोग्रामची सरासरी त्यापासून फार दूर गेली, तर पुढे न जाता आधी प्रमाण किंवा केंद्रकाची आखलेली सीमा दुरुस्त करा. रंगांकडेही असेच पाहावे. हिमॅटॉक्सिलिन या रंगद्रव्याने येणारी केंद्रकाची निळसर-जांभळी छटा त्याच्या प्रत्येक खेपेगणिक थोडी बदलते, आणि एकाच प्रयोगशाळेच्या स्लाइडवर शिकलेले मॉडेल (नमुन्यांवरून शिकणारा प्रोग्राम) रोगाऐवजी ती छटाच पाठ करून बसते. म्हणून एका प्रयोगशाळेच्या सर्व स्लाइड शिकवणीतून पूर्णपणे वगळून केवळ चाचणीसाठी राखून ठेवाव्यात.

केंद्रकाचे आकारमान हा ठळक निकष असला तरी केवळ त्यावर विसंबू नये. सौम्य विकृतीत केंद्रक मध्यस्तर पेशीच्या केंद्रकाच्या तिपटीहून मोठा होतो. पण तीव्र विकृतीत पेशीच लहान असल्यामुळे केंद्रक तितका मोठा नसतानाही पेशीद्रवाच्या तुलनेत त्याचा वाटा वाढलेला असतो. क्षेत्रफळानुसार क्रम लावणारा प्रोग्राम नेमक्या याच, अधिक धोक्याच्या पेशी मागे ढकलतो. त्यासाठी केंद्रकाच्या कडेचा ओबडधोबडपणा, केंद्रकातील रंग शोषणाऱ्या द्रव्याची (क्रोमॅटिनची) गडद, असमान दाटी आणि केंद्रक-पेशीद्रव गुणोत्तर ही सगळी मापे सोबत घ्यावीत. एकमेकींवर चढलेल्या पेशींच्या पुंजक्यात पेशीद्रवाची कड सहसा विश्वासार्हपणे सापडत नाही, तेथे ते गुणोत्तर बाजूला ठेवलेले बरे.

शिकवणी आणि चाचणी यांची विभागणी हा सर्वांत जास्त चुका होणारा टप्पा आहे. सिपाकमेडमधील ४,०४९ पेशी ९६६ मोठ्या प्रतिमांमधून कापून घेतलेल्या आहेत. पेशी सरमिसळ करून वाटल्या, तर एकाच प्रतिमेतील शेजारणी दोन्हीकडे जातात आणि मॉडेलला उत्तर आधीच ठाऊक असल्यासारखे होते. किमान मूळ प्रतिमेनुसार, आणि माहिती असेल तेव्हा स्त्रीनुसारच वाटणी करावी. त्यानंतर अचूकता उतरली, तर तीच खरी अचूकता समजावी.

आता एक साधे गणित करा. पॅप तपासणीचे अहवाल लिहिण्याच्या बेथेस्डा पद्धतीनुसार द्रवाधारित स्लाइडवर (पेशी आधी द्रवात मिसळून बनवलेल्या स्लाइडवर) किमान ५,००० पेशी असाव्या लागतात. प्राकृत पेशीला विकृत ठरवण्याची चूक शंभरात एकदाच होते असे मानले, तरी पूर्ण निरोगी स्लाइडवर ५० खोट्या खुणा उमटतील. पेशीगणिक ९९ टक्के अचूकता मिरवणारा अहवाल स्लाइडपुढे असा उघडा पडतो. म्हणून संवेदनशीलता (विकृत पकडण्याचे प्रमाण) आणि विशिष्टता (प्राकृतला प्राकृत म्हणण्याचे प्रमाण) स्लाइडच्या पातळीवर मोजून नोंदवावी.

प्रोग्रामने शेवटी द्यायचा तो निकाल नव्हे, पाहण्याचा क्रम. अमेरिकेत २००३ मध्ये मान्यता मिळालेली थिनप्रेप इमेजिंग प्रणाली प्रत्येक स्लाइडवरील २२ क्षेत्रे निवडून सायटोटेक्नॉलॉजिस्टपुढे (पेशी तपासणाऱ्या तंत्रज्ञापुढे) ठेवते, आणि त्यांत काही संशयास्पद आढळले तर संपूर्ण स्लाइड माणसाने तपासायची असते. आपल्या प्रोग्राममध्येही सर्वाधिक संशयित पेशी वरच्या ओळीत मांडा, प्रत्येकीचा स्लाइडवरील ठावठिकाणा सोबत द्या, आणि पेशींची संख्या अपुरी किंवा प्रतिमा अंधूक असेल तेथे ‘प्राकृत’ न छापता ‘तपासणीस अपुरी’ असे छापा.