विद्यापीठाला जमीन द्यायची? आधी सातबारा वाचा

दापोलीला कृषी विद्यापीठ निघालं १९७२ साली. आमची आत्या त्याआधीच वारली, पण सातबाऱ्यावर अजून नांदत होती! संशोधनासाठी सव्वा एकर द्यायला निघालो तेव्हा हे कळलं. शिवाय सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात एक जुनं कूळ, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा. कोकणात हे घरोघरी. म्हणून आधी वारसनोंदी करा, कुळाचा निकाल लावा, मुंबईकर चुलतभावांच्या सह्या घ्या (गणपतीत सगळे एकदम सापडतात), आणि मोजणी आणा. आमचा गडगा (दगडी कुंपण) शेजाऱ्याच्या काजूत दोन हात शिरलेला निघाला.

मग विद्यापीठाला लेखी प्रस्ताव. पाणी, वाट, माती खरी लिहा. वाट नसलेला कातळ कोण घेणार? जमीन भोगवटादार वर्ग २ (हस्तांतरावर सरकारी बंधन असलेली) असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आधी.

बक्षीसपत्र, म्हणजे जमीन विनामोबदला दिल्याचा दस्त, नोंदणीकृतच हवं, दोन साक्षीदारांच्या सह्यांसह, आणि विद्यापीठाने ते तुमच्या हयातीतच स्वीकारायला हवं. संशोधनासाठीच वापराची अट वकिलाकडून त्यातच नीट लिहून घ्या.

नंतर तलाठ्याकडे फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावर नाव बदलण्याची नोंद, हरकतींचे १५ दिवस. नवा सातबारा हातात पडेपर्यंत पेढे आणू नका. आमचे दोनदा आणून झाले.