45 पौंड, 3 मैल, 45 मिनिटं: पॅक टेस्टची तयारी

कोलोरॅडोतल्या आमच्या डोंगराळ गावचं अग्निशमन दल स्वयंसेवकांवर चालतं. वणव्यांचा हंगाम तोंडावर आला की शाळेच्या मैदानावर पॅक टेस्ट, म्हणजे वणवा विझवायला जाणाऱ्यांची ओझं घेऊन चालायची चाचणी, होते आणि वजनकाट्यापाशी मी असते. त्यामुळे डेन्व्हरकडच्या मराठी मंडळींचे फोन मलाच येतात. सुरुवात बहुतेकांची एकच: "ताई, मी पुण्यात असताना दर शनिवारी सिंहगड चढायचो. मला काय अवघड आहे?"

सिंहगड उपयोगाचा आहेच, पण ही चाचणी चढाची नाही, सपाटीवरच्या वेगाची आहे. पाठीवर 45 पौंड, म्हणजे साधारण 20.4 किलो, घेऊन 3 मैल 45 मिनिटांत चालायचं. पळायचं नाही. दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटले की ते धावणं झालं, आणि धावलात तर चाचणी बाद. ताशी साडेसहा किलोमीटरच्या आसपास वेग पडतो. गड चढताना माणूस दमला की उभा राहतो, ताक पितो, फोटो काढतो. इथे ती सोय नाही.

आधी आपल्याला नेमकी कोणती चाचणी लागू आहे ते विचारून घ्या. वणव्याच्या कामातल्या पदांचे शारीरिक श्रमानुसार गट पाडलेले आहेत. प्रत्यक्ष आगीपाशी हात-अवजारांनी जाळरेषा (आग पुढे सरकू नये म्हणून मोकळा केलेला जमिनीचा पट्टा) काढणाऱ्यांना वर सांगितलेली पूर्ण पॅक टेस्ट. मध्यम श्रमाच्या पदांना 25 पौंड घेऊन 2 मैल, 30 मिनिटांत. हलक्या कामाला ओझं नाही, 1 मैल 16 मिनिटांत. छावणीतच बसून संगणक सांभाळणाऱ्यांना तर चाचणीच नाही, आणि आपल्यातल्या बऱ्याच जणांना खरं तर तेच काम जमण्यासारखं असतं. पण फोन करणाऱ्या प्रत्येकाला आगीपाशीच जायचं असतं. फॉरेस्ट सर्विसच्या, म्हणजे इथल्या सरकारी वनखात्याच्या, पगारी नोकरीला अमेरिकी नागरिकत्व लागतं, हेही आधीच सांगून ठेवते. स्वयंसेवी दलांचे नियम ज्याचे त्याचे.

वय, उंची, बाई की पुरुष, कशाचीच सवलत नाही. सवलत मिळते ती फक्त उंचीवरच्या विरळ हवेची. 4,000 फुटांच्या वर पूर्ण चाचणीला 30 सेकंद जास्त मिळतात, पुढे दर हजार फुटांना 15 सेकंद वाढतात. आमचं मैदान 7,000 फुटांच्या वर आहे, म्हणून आमच्याकडे 75 सेकंद जास्त. त्या 75 सेकंदांवर भिस्त ठेवून येऊ नका. खालून त्याच सकाळी गाडीने वर आलेल्या माणसाला विरळ हवेत धाप लागते ती त्याहून महाग पडते.

हे आकडे हवेतून आलेले नाहीत. 1975 पासून अमेरिकेत पायरीवर चढ-उतार करायला लावून नाडी मोजायची चाचणी होती. पुढे मोंटानातल्या मिझूला इथे ब्रायन शार्की यांनी आगीवरच्या प्रत्यक्ष कामाशी ताडून पॅक टेस्ट बसवली. शरीराच्या दर किलोमागे मिनिटाला 45 मिलिलिटर ऑक्सिजन वापरण्याची क्षमता हवी, हा तिचा पाया. स्वतःला घरी जोखायचं असेल तर ओझ्याशिवाय दीड मैल पळून बघा. 11 मिनिटं 40 सेकंदांच्या आत आलात तर दम पुरेसा आहे, उरलं ते पाय आणि पाठ तयार करणं.

चालायला लागण्याआधी एक कागद भरायचा असतो: आरोग्याची प्रश्नावली. छातीत दुखतं का, चक्कर येते का, रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत का, घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला का, अशा धर्तीचे प्रश्न. आपली माणसं इथे हमखास "नाही, नाही, नाही" लिहीत सुटतात. वडिलांची बायपास बावन्नाव्या वर्षी झालेली असते, पण ते "घरचं" म्हणून सांगायचं नसतं! दक्षिण आशियाई लोकांना हृदयविकार तुलनेनं लवकर गाठतो, आणि या चाचणीत चालता चालता माणसं दगावलेली आहेत. म्हणून तर मैदानाशेजारी प्रथमोपचाराची माणसं उभी असतात. "हो" लिहिलंत तर फार तर डॉक्टरकडे पाठवतील. जा. चाळिशी ओलांडलेली असेल आणि गेली काही वर्षं खुर्चीतच गेली असतील, तर कुणी पाठवायची वाटही बघू नका.

आता सराव. निदान सहा आठवडे हातात ठेवा. पहिल्यांदा ओझं न घेता सपाटीवर 3 मैल चाला. ते 45 मिनिटांच्या आत आरामात यायला लागले की मगच पाठीवर 25 पौंड चढवा, आणि वेळ सुटू न देता हळूहळू 45 पर्यंत जा. उलट करणारे बरेच भेटतात: पहिल्याच दिवशी पूर्ण वजन, तासभर रखडत चालणं, मग आठवडाभर कंबर धरून बसणं. आठवड्यातून एकदा टेकाड चढा, एकदा ओझ्याशिवाय पळा. पूर्ण वजनाचा सराव रोज करू नका, गुडघे बोलायला लागतात.

सगळ्यात आधी दुखते ती नडगी. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत नडगीच्या पुढचा स्नायू असा आखडतो की पाऊल उचलवत नाही, आणि दम शाबूत असूनही माणूस मागे पडतो. गड चढून ही जागा तयार होत नाही, कारण चढावर काम पोटऱ्या आणि मांड्या करतात. उपाय सोपा आहे. भिंतीला पाठ टेकून टाचा फूटभर पुढे ठेवा आणि फक्त चवडे वर उचला, खाली सोडा. वीस-पंचवीस वेळा, दिवसातून दोनदा, चहा उकळेपर्यंत होतं. महिनाभरात फरक कळतो.

बुटके लोक विचारतात, आमचं काय? मी स्वतः पाच फूट एक इंच आहे. लांब ढांगा टाकायला जाऊ नका, त्याने नडगी आणि कंबर दोन्ही जातात. पावलं छोटी ठेवा आणि भरभर टाका. कोपरं वाकवून हात जोरात हलवा. हातांचा वेग वाढला की पायही आपोआप भरभर पडतात. पुढे झुकायचं ते घोट्यातून, कमरेतून नाही.

पिशवी कशी भरायची यावर मी सगळ्यात जास्त डोकं खाते. 20.4 किलो म्हणजे भारतात जाताना विमानात टाकतो त्या 23 किलोच्या बॅगेपेक्षा जरा कमी, आणि तीच बॅग तोलायचा आकडेवाला काटा इथेही चालतो. वजन म्हणून इंडियन ग्रोसरीतल्या 20 पौंडी तांदळाच्या दोन पिशव्या आणि वर तूरडाळ. रिकाम्या सॅकचंही वजन 45 मध्येच धरायचं असतं, तेव्हा सॅकसकट तोला. तांदूळ तळाशी टाकलात तर सॅक मागे ओढते आणि खांदे तुटतात. आधी तळाशी जुनी चादर किंवा उशी कोंबा, मग तांदूळ पाठीला चिकटून, वरच्या बाजूला. कमरेचा पट्टा बेंबीवर नाही, कमरेच्या हाडांवर बसला पाहिजे. तो आधी आवळा, खांद्याचे पट्टे नंतर. हाताला मुंग्या येत असतील तर भार खांद्यावर आहे, पट्टा पुन्हा बसवा. टेकाडावर सराव करताना तांदळाऐवजी पाण्याचे कॅन न्या. एका गॅलनचं वजन साधारण 8.3 पौंड. वर पोचल्यावर पाणी ओतून द्यायचं आणि मोकळ्या पाठीनं उतरायचं, गुडघे वाचतात.

बूट नवे नकोत. मोजे शिवणीचे नकोत. चाचणीच्या दोन तास आधी पोहे किंवा उपमा, पोट भरेल पण जड होणार नाही इतपत. एकादशी असली तर ती पुढच्या महिन्यात करा.

मैदानावर एक हिशेब डोक्यात ठेवा. 400 मीटरच्या ट्रॅकवर 3 मैल म्हणजे 12 फेऱ्या आणि वर साधारण 28 मीटर. दर फेरीला पावणेचार मिनिटं घेतलीत तर समुद्रसपाटीवर तुम्ही पंधरा-सोळा सेकंदांनी नापास. म्हणून 3 मिनिटं 40 सेकंदांची लय धरा, शेवटी पाऊण मिनिट हाताशी राहतं. पहिल्या फेरीत उत्साही पोरं भर्रकन पुढे जातात. त्यांच्या नादी लागू नका, सहाव्या फेरीत ती परत भेटतात. घड्याळ प्रत्येक फेरीला एकदाच बघा.

पास झालात म्हणजे लगेच आगीवर पाठवतील असं नाही. एस-130 आणि एस-190 हे प्राथमिक अभ्यासक्रम लागतात, ते झाले की रेड कार्ड, म्हणजे आगीवर काम करायचं पात्रतापत्र, मिळतं. चाचणी दर वर्षी द्यावी लागते, उजळणीचा वर्गही दर वर्षी. हॉटशॉट (वणव्यांवरच्या निवडक, कसलेल्या तुकड्यांतले) किंवा स्मोकजंपर (विमानातून पॅराशूटने आगीपाशी उतरणारे) व्हायची स्वप्नं असतील तर हे फक्त दार आहे. स्मोकजंपरना 110 पौंड घेऊन 3 मैल 90 मिनिटांत कापावे लागतात. ते मी फक्त ऐकलंय, करून बघायची इच्छा नाही.

नापास झालात तर पुन्हा कधी येता येईल ते आपापल्या दलाला विचारा, प्रत्येकाचा नियम वेगळा. आणि आमच्याकडे येणार असाल तर शेवटच्या फेरीत सॅकमधलं पाणी पिऊ नका. आम्ही सॅक चाचणीनंतरही काट्यावर ठेवतो. प्यायचं पाणी वेगळ्या बाटलीत आणा, ती 45 पौंडांत धरत नाही.