अचानक विसर पडला, तर पहिल्या तासात घरच्यांनी काय करावे

साठीचा माणूस अंघोळ करून बाहेर येतो आणि ‘आज वार कोणता?’ असे विचारतो. उत्तर ऐकून मान हलवतो आणि दोन मिनिटांनी तोच प्रश्न त्याच सुरात पुन्हा विचारतो. बायकोमुलांना तो ओळखतो, चहाचा कप नीट धरतो, बोलणेही स्पष्ट असते. मात्र नवे काहीच मनात टिकत नाही. यालाच ‘ट्रान्झियंट ग्लोबल अ‍ॅम्नेशिया’ म्हणतात. हा तात्पुरता स्मृतिभ्रंश बहुधा 50 ते 70 या वयात होतो आणि 24 तासांच्या आत आपोआप ओसरतो. परंतु हे निदान डॉक्टरांनी इतर कारणे वगळल्यानंतर करायचे असते, घरच्यांनी ते गृहीत धरू नये. स्मरणशक्तीशी निगडित असलेल्या मेंदूच्या भागांना रक्त पुरवणारी धमनी तुंबली (म्हणजेच पक्षाघात झाला) किंवा क्वचित हृदयातून निघणाऱ्या महाधमनीचे आतले अस्तर फाटले, तरी सुरुवात अशीच दिसू शकते.

सर्वप्रथम रुग्ण शेवटचा पूर्ण ठीक कधी दिसला होता, ती वेळ कागदावर लिहावी. पक्षाघातातील गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यायचे असते आणि ते तास याच वेळेपासून मोजले जातात. मग 108 ला फोन करून रुग्णवाहिका मागवावी. ती येईपर्यंत तोंड वाकडे झाले आहे का, दोन्ही हात सारखे उचलले जातात का, एका बाजूचे दिसेनासे झाले आहे का, चालताना तोल जातो का, हे पाहावे. घरी ग्लुकोमीटर असल्यास साखरही तपासावी, कारण ती फार उतरल्यानेही माणूस असा गोंधळतो.

यात सर्वांत सहज निसटणारी गोष्ट वेदनेची आहे. महाधमनी फाटताना छातीत किंवा दोन खांद्यांच्या मधोमध फाडल्यासारखी कळ येते. पण ज्याची स्मृतीच गेली आहे त्याला तासाभरापूर्वीची कळ कशी आठवणार? ‘छातीत दुखले का?’ या प्रश्नाला तो प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणेल. म्हणून त्या वेळी जवळ असलेल्यांना विचारावे: त्याने छाती धरली होती का, दरदरून घाम आला होता का, क्षणभर शुद्ध हरपली होती का? (काहींना ही कळ येतच नाही.) रक्तदाबाचे यंत्र असल्यास दोन्ही दंडांवर मोजावे, वरच्या आकड्यात 20 पेक्षा अधिक फरक आढळल्यास डॉक्टरांना आवर्जून सांगावा, मात्र फरक नाही म्हणून निर्धास्त राहू नये.

शेजारी ‘अ‍ॅस्पिरिन द्या’ असे सुचवतील, तरी ती घरी देऊ नये. मेंदूत रक्तस्राव झाला असेल किंवा महाधमनी फाटली असेल, तर ती घातक ठरू शकते. रक्तदाबाची जादा गोळीही देऊ नये. नेहमीच्या औषधांची चिठ्ठी, विशेषतः रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास तिचे नाव, सोबत घ्यावे आणि सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठावे. सोबत जाणारा माणूस शक्यतो प्रसंग प्रत्यक्ष पाहिलेला असावा, कारण रुग्णाची हकिकत आता त्याच्याकडेच आहे.

वाटेत आठवण परत आली, तरी गाडी माघारी वळवू नये. मेंदूचा रक्तपुरवठा तात्पुरता खंडित होऊन पूर्ववत झाला, तरी खरा पक्षाघात पुढच्या एकदोन दिवसांत येऊ शकतो.