शो संपल्यावर केबल आणि अडॅप्टर स्टेजवर राहू नयेत म्हणून

बँडच्या टूरवर सगळ्यात जास्त काय हरवत असेल तर केबल आणि अडॅप्टर, कारण शो संपला की पुढच्या बँडची घाई, लाइट अर्धे बंद आणि सगळ्यांच्या काळ्या वायरी एकमेकांत गुंतलेल्या.

१. एकाच भडक रंगाची इन्सुलेशन टेप घ्या आणि प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना, प्लगपासून चार बोटं सोडून गुंडाळा. एकाच टोकाला लावली तर नेमकं दुसरं टोक हातात येतं आणि आपली वायर भलत्याच्याच बॅगेत जाते.

२. घरून निघताना सामानाची पेटी (केस) उघडी ठेवून, सगळं जागच्या जागी असताना एक फोटो काढा. पॅकिंग करताना तो समोर धरायचा, काय राहिलंय ते रिकाम्या जागेवरून लगेच कळतं. यादीपण चालते म्हणा, पण रात्री दोन वाजता यादी वाचतंय कोण!

३. निघायच्या आधी मोबाइलचा टॉर्च लावून एक चक्कर मारा, अँपच्या (अँप्लिफायरच्या) मागे आणि एक्स्टेन्शन बोर्डवर नक्की बघा.

अडॅप्टरवर मात्र नुसती टेप नको, मार्करने व्होल्टेज आणि कुठल्या पेडलचा (गिटारचा आवाज बदलणारी, पायाने दाबायची छोटी डबी) आहे तेही लिहा. बरीचशी गिटार पेडल ९ व्होल्ट, सेंटर निगेटिव्हवर (म्हणजे प्लगच्या मधला भाग निगेटिव्ह) चालतात पण सगळी नाही, आणि पिन तर बऱ्याचदा सारखीच बसते, त्यामुळे घाईत १८ व्होल्टचा अडॅप्टर ९ व्होल्टवाल्याला लागला तर पेडल जळू शकतं.