कोलन्सेहून ओरन्सेला चालत जाताना

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या या दोन बेटांमध्ये 'द स्ट्रँड' नावाचा वाळूचा पट्टा आहे. ओहोटीलाच तो उघडा पडतो, म्हणून दिवस ठरवायचा तो भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून. अमावास्या-पौर्णिमेनंतरचे एक-दोन दिवस उत्तम, कारण उधाणाच्या दिवसांत ओहोटीही खोल जाते. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हा, पाणी पुरतं हटत नाही, तेव्हा हा बेत नकोच.

सगळ्यात महागात पडते ती घड्याळाची चूक. बरेच तक्ते ग्रीनिच वेळेत असतात. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ब्रिटनची घड्याळं तासभर पुढे जातात. तो तास मिळवायला विसरू नका. हवेचा दाब कमी असेल किंवा वारा पाण्याला किनाऱ्याकडे रेटत असेल, तर पाणी तक्त्यापेक्षा वर राहतं.

पाणी उतरत असतानाच निघा आणि गाड्यांच्या चाकोरीने चला. मधल्या ओहोळांत पाणी साचून राहतं, तेव्हा गुडघ्यापर्यंतचे गमबूट हवेत. पलीकडे मठाच्या भग्न भिंतींपाशी उंच दगडी क्रूस आहे. त्यावरचं बारीक वेलबुट्टीचं कोरीवकाम तिरप्या उन्हात उठून दिसतं. पण परतीची वेळ आधीच ठरवा. उशीर झालाच, तर पाण्यात न उतरता पुढच्या ओहोटीपर्यंत, म्हणजे साधारण साडेबारा तास, तिथेच थांबा.

एप्रिल-मेमध्ये टिटव्यांची अंडी उघड्या जमिनीवर असतात, कोकरंही लहान असतात. कुत्रा असेल तर दोरीनेच न्या.